बिनविरोध सुभेदार

आमचे साडू, सुभेदार पुंजाराम बोराडे, फौजेतून निवृत्त होऊन बेलखेड्याला आले त्या दिवशी गावाने त्यांची उघड्या जीपमधून मिरवणूक काढली. आता आमच्याकडे ही रीतच पडली आहे. जवान पेन्शनीत निघाला की वेशीवर कमान, चौकात फ्लेक्स, डीजे, आणि पुढे शाळेची पोरं झेंडे घेऊन. सुभेदार जीपमध्ये ताठ उभे होते, छातीवर पदकं, गळ्यात हारांचा ढीग, आणि चेहरा असा की कुणीतरी शिक्षा म्हणून उभं केलंय. त्यांच्या शेजारी सिंधुबाई, म्हणजे माझ्या मनीषाची थोरली बहीण, पदराने डोळे पुसत होती. मी जीपला धरून चालत होतो. सुभेदार वाकून माझ्या कानाशी आले. मला वाटलं, गहिवरून काही बोलणार. ते म्हणाले, "पाहुणे, ही पोरं ताल सोडून चालतायत."

मी तेव्हा खूप हसलो. घरी येऊन मनीषालाही हसवलं. पण पुढे जे झालं त्याची सुरुवात त्याच वाक्यात होती, असं आता माझं पक्कं मत आहे.

मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रातला माणूस. बॉयलरजवळ उभं राहून नोकरी केली आणि युनियनमध्ये भांडून केस पांढरे केले. आमच्या मीटिंगा म्हणजे नुसता बाजार. एक बोलायला उठला की चार जण त्याला खाली ओढणार, चहा येणार, पुन्हा भांडण, आणि शेवटी रात्रभर शिव्या दिलेल्या माणसाच्याच स्कूटरवर बसून घरी जायचं. मला हे आवडतं. सुभेदारांना याचा मनापासून तिटकारा. तोफखान्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. तिथे एकाने बोलायचं, बाकीच्यांनी करायचं, आणि जराही चूक झाली तर गोळा आपल्याच माणसांवर. त्यांचं चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. तोफ चालवायला मतदान घेता येत नाही.

रविवारी ते नाशिकरोडला आमच्याकडे जेवायला येत. मटणाचा रस्सा वाढला की त्यांची मतं सुरू.

"या देशाला दहा वर्षं निवडणूकच नको."

"मग चालवणार कोण?"

"जो लायक असेल तो."

"लायक कोण, ते कोण ठरवणार?"

"ते दिसतं," सुभेदार म्हणायचे आणि भाकरी कुस्करायचे.

"कुणाला दिसतं, सुभेदार?"

यावर ते माझ्याकडे असं बघायचे की मी मोर्चा काढणारा माणूस, माझ्याकडून दुसरी काय अपेक्षा करणार. मनीषा मला डोळ्यांनी दटावायची. माणूस मात्र मनाचा स्वच्छ होता. कुणाचा एक पैसा खाल्ला नाही, कुणाची जात विचारली नाही. "फौजेत जात नसते, पाहुणे," हे त्यांचं आवडतं वाक्य. "एका ताटात जेवलो आम्ही." आणि ते खरंच जेवले होते.

पण सिव्हिलियन जगात त्यांचा जीव रमेना. पहिल्यांदा अंबडच्या एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून लागले. दुसऱ्याच महिन्यात मालकाचा मेहुणा ओळखपत्र न दाखवता गाडी आत घालायला लागला, तर सुभेदारांनी फाटक लावून घेतलं. मालकाने सगळ्यांसमोर त्यांची पाठ थोपटली आणि पुढच्या आठवड्यात त्यांची बदली गावाबाहेरच्या गोडाऊनवर केली. सुभेदारांनी टोपी टेबलावर ठेवली आणि घरी आले. मग सहा महिने घरात. पहाटे चारला उठायचं, अंथरुणाच्या घड्या मोजपट्टीने मोजल्यासारख्या घालायच्या, बँकेत रांग मोडणाऱ्याला बाहेर काढायचं, आणि दुपारी ओसरीवर बसून रस्त्यावर थुंकणाऱ्यांना हाका मारायच्या. सिंधुबाई एकदा मला फोनवर म्हणाली, "भाऊजी, ह्यांना कुठंतरी कामाला लावा हो. माझ्या मसाल्याच्या डब्यांना पण सावधान करायला लागले."

काम त्यांनीच शोधलं. दारणेच्या काठी गायरानाचा मोकळा तुकडा होता, तिथे भरतीची अकॅडमी काढली. नाशिक जिल्ह्यात अशा अकॅडम्या गल्लोगल्ली झाल्या आहेत. फौजेत, पोलिसात भरती व्हायचं तर पोरं पहाटे पळायला हवीत, आणि पळवायला कुणीतरी माजी सैनिक हवा. सुभेदारांनी शिट्टी तोंडात घातली आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा तरतरी आली. आसपासच्या गावातली पोरं येऊ लागली. सुरुवातीला त्यांना 'उस्ताद' म्हणत, पुढे 'साहेब' म्हणू लागली.

अडचण अशी होती की भरत्या कमी झाल्या होत्या. ज्या निघत त्यात जागा थोड्या, पोरं ढीगभर. वर्षं जात होती आणि पोरांचं वय उलटत होतं. कुणाची छाती कमी पडली, कुणाची उंची. रविराज नावाचा पोरगा तर पळण्यात सगळ्यांच्या पुढे, पण तळपाय चपटे निघाले म्हणून मेडिकलला बाद झाला. दुसरं पोरगं घरी जाऊन रडलं असतं. रविराज दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा ग्राउंडवर हजर. वय निघून गेलेली सगळीच पोरं अशी येत राहिली. त्यांना दुसरीकडे जायला जागा नव्हती. तयारी झालेली, अंगात रग, डोक्यावर बारीक कापलेले केस, चट्ट्यापट्ट्याची पँट, आणि करायला काहीच नाही. सुभेदारांनी त्यांना गावाची कामं लावून दिली.

खोटं कशाला बोलू, गाव सुधारलं. गटारी उपसल्या गेल्या. विहिरीवरच्या मोटारी चोरीला जायच्या, त्या बंद झाल्या. वेशीच्या कमानीखाली पोरं पहाऱ्याला बसू लागली. ओढ्याकडेची दारूची टपरी एका सकाळी जागेवर नव्हती. बायका खूश झाल्या. सुभेदार पोरांना सांगायचे, "हुकमाची वाट बघतो तो हमाल. साहेबाच्या मनातलं ओळखून करतो, तो जवान." मी एकदा म्हटलं, "सुभेदार, दुसऱ्याच्या मनातलं ओळखायला लागली तर ही पोरं आपल्या मनातलंही त्यात घालतील." ते म्हणाले, "युनियनवाल्याला शिस्त कळायची नाही."

मग काळूचं झालं. काळू म्हणजे गावातला जुना बेवडा, ट्रॅक्टरवर मजुरी करायचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. नाशिकरोडहून पिऊन आला. पोरांनी त्याला मारुतीच्या पारासमोर भर दुपारी बेडूकउड्या मारायला लावल्या. पन्नाशीचा माणूस उड्या मारता मारता पडला, हनुवटी फुटली, तरी पुन्हा उठवला. बघे हसत होते. रविराज त्याच्यावर ओरडत नव्हता. तो वाकून शांतपणे म्हणत होता, "काळूमामा, अजून जरा. होतंय तुमचं." मला सिंधुबाईने हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज बारीक झाला होता. मी सुभेदारांना विचारलं. ते म्हणाले, "जरा जास्त झालं. मी नव्हतो तिथं. पण दारू सुटली ना त्याची?"

काळूची दारू सुटली होती हे खरं. नंतर काळूच गाव सोडून नांदगावला बहिणीकडे निघून गेला.

अशात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. सरपंचपद खुलं होतं, थेट जनतेतून. तालुक्याचे एक पुढारी गावात येऊन गेले आणि म्हणाले, गाव बिनविरोध करा, निधीचं मी बघतो. बिनविरोध हा आमच्याकडे मोठा मानाचा शब्द आहे. निवडणूक म्हणजे भाऊबंदकी, डोकी फुटणार, त्यापेक्षा एकमताने नाव ठरवावं, असं शहाणी माणसंही म्हणतात. मारुतीच्या मंडपात बैठक झाली. सगळ्या भावक्यांनी आपापल्या सदस्यांच्या जागा वाटून घेतल्या आणि सरपंचपदासाठी एकच नाव पुढे आलं. सुभेदारांना पद नको होतं, हे मी शपथेवर सांगेन. पण 'एकमत' या शब्दाची त्यांना भुरळ पडली. आयुष्यभर जे म्हणत आलो तेच इथे घडतंय, असं त्यांना वाटलं. नारळ फुटला. मंडपात सगळे हात वर झाले.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी ओढ्यापलीकडच्या वस्तीतून सुमनबाई पगारेने सरपंचपदाचा अर्ज भरला. मारुतीच्या मंडपात त्या वस्तीला कुणी बोलावलंच नव्हतं. बोलवायचं कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

सुमनबाईचा नवरा सहादू एकलहऱ्याला राखेच्या कामावर कंत्राटी होता, माझ्या चांगल्या ओळखीचा. राख गिळून छाती खराब झाली तसा तो घरी बसला. मग या बाईने बचत गट उभा केला आणि दीड एकरात द्राक्षाची बाग लावली. मधल्या काळात एकदा पंचायतीची सदस्यही होती. तोंडाने फाटकी, पण हसरी. पाण्याची लाईन ओढ्याच्या अलीकडेच का थांबते, हे ती प्रत्येक ग्रामसभेत विचारायची आणि प्रत्येक ग्रामसभेत तिला 'पुढच्या वेळी' असं उत्तर मिळायचं.

माघार घ्यायला अजून काही दिवस होते. सुभेदारांनी मला बोलावून घेतलं. "तुमचा माणूस आहे सहादू. चला, समजावून येऊ." आम्ही दोघं वस्तीवर गेलो. सुमनबाईने बाज टाकली, पाणी दिलं, चहा ठेवला.

"बसा भाऊ. लय दिवसांनी पाय लागले."

सुभेदार थेट मुद्द्यावर आले. गाव एक व्हावं, निधी यावा, वस्तीचं पाणी मी स्वतः आणून देतो, माझा शब्द आहे, तुम्ही अर्ज मागे घ्या. सगळं मनापासून बोलत होते.

"तुमचा शब्द खराच असंल," सुमनबाई म्हणाली. "पण भाऊ, मी काय तुमच्या विरोधात उभी नाय. मी माझ्यासाठी उभी हाय. तुम्ही मतं घेऊन निवडून या. मी पहिला हार घालीन तुम्हाला."

"फूट पडते गावात."

"आम्ही गावात कवा होतो, तर फूट पडंल?"

सहादू खोकत खोकत म्हणाला, "जाऊ दे ना सुमन."

सुभेदार म्हणाले, "वहिनी, मी जात मानत नाही. फौजेत जात नसते."

"तुम्ही फौजेत होते भाऊ," ती हसूनच म्हणाली. "मी हितं होते."

चहा पिऊन आम्ही निघालो. ओढा ओलांडेपर्यंत ते झपाझप पुढे चालत होते. मग म्हणाले, "बाई हिमतीची आहे. माझ्या युनिटला असती तर वर गेली असती." मला बरं वाटलं. मला वाटलं, आता हा माणूस निवडणूक लढेल, भाषणं करेल, मतं मागेल, आणि थोडा आमच्यासारखा होईल.

पण संध्याकाळी ग्राउंडवर पोरं रांगेत उभी होती आणि सगळ्यांचे डोळे त्यांच्या तोंडाकडे. नकार घेऊन आलेला साहेब त्या पोरांसमोर कसा उभा राहणार? मी तिथेच होतो. सुभेदार म्हणाले, "माघारीच्या आत हा विषय संपला पाहिजे. कसा, ते मला सांगायला लागू नये."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पाहुणेरावळे पाठवा, बचत गटातल्या बायकांकडून सांगून बघा, एवढंच होतं. फौजेत असं वाक्य टाकलं तर खालच्या माणसाला आपली हद्द ठाऊक असते. वर अधिकारी असतो, कायदा असतो, चूक केली तर हुद्द्याची पट्टी उतरते. बेलखेड्याच्या गायरानावर यातलं काहीच नव्हतं. तिथे फक्त हुकूम होता. मी म्हणालोही, "सुभेदार, जरा नीट सांगा पोरांना." ते म्हणाले, "कळलंय त्यांना." रविराजने मान डोलावली. त्याला खरंच कळलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून वस्तीचं दळण गिरणीवर घेईनात. डेअरीवाला सुमनबाईच्या दुधाला नाक मुरडू लागला. तिच्या घरासमोर दोन पोरं बसून राहू लागली. शिवी नाही, धमकी नाही. ती बाहेर आली की उठून उभी राहायची, "नमस्कार मावशी" म्हणायची आणि ती जाईल तिकडे मागे मागे चालायची. सहादूने मला फोन केला. म्हणाला, "साहेब, भांडली असती तर बरं झालं असतं. ही पोरं लय गोड बोलतात." मी सुभेदारांना सांगितलं. त्यांनी गिरणीवाल्याला झापलं, डेअरीवाल्याला झापलं. दोघे हो हो म्हणाले. त्यांनी काय ऐकलं नि काय नाही, देव जाणे.

माघारीच्या आदल्या दिवशी सकाळी सहादूचा पुन्हा फोन आला. तो एवढंच म्हणाला, "या साहेब." मी गाडी काढून गेलो.

बाग उभीच होती. आधी मला काहीच समजलं नाही. मांडवावर पानं हिरवी, घडांमध्ये ज्वारीएवढे मणी धरलेले. मग खाली बघितलं. प्रत्येक वेल जमिनीपासून वितभर वर कोयत्याने कापलेली होती. एका सरळ रेषेत, एकाच उंचीवर, सगळ्या ओळींमध्ये. रागाने केलेलं काम असं नसतं. राग आलेला माणूस कुठे वर मारतो, कुठे खाली, दमतो, अर्धं सोडून जातो. इथे एक वेल सुटली नव्हती. सुमनबाई बांधावर बसली होती. ती रडत नव्हती. मला म्हणाली, "दुपारपर्यंत पानं हिरवीच दिसतील बघा."

सुभेदार माझ्यामागून आले. त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चालून बघितलं. एका बुंध्याजवळ उकिडवे बसले आणि कापलेल्या जागेवर अंगठा फिरवला. सुमनबाईसमोर येऊन त्यांनी हात जोडले. ती म्हणाली, "जा भाऊ. तुम्ही हितं उभे राहिले तर ती पोरं पण येतील."

तिथून ते तडक ग्राउंडवर गेले. मी मागे. शिट्टी वाजली, पोरं ओळीत उभी राहिली. सुभेदारांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

"बाग कुणी कापली? ज्याने कापली त्याने एक पाऊल पुढे यायचं."

क्षणभर कुणी हललं नाही. मग रविराजने पाऊल पुढे टाकलं. त्याच्याबरोबर सगळ्या रांगेने टाकलं. एकच आवाज झाला, बुटांचा. मी त्यांचे चेहरे बघत होतो. एकही चेहरा घाबरलेला नव्हता. पोरं वाट बघत होती. शाबासकीची.

सुभेदारांनी शिट्टी काढली आणि गवतात टाकली. मी त्यांना घेऊन घराकडे निघालो. वाटेत ते एवढंच म्हणाले, "ताल सोडला नाही, पाहुणे. एकानेही सोडला नाही." घरी आल्यावर सिंधुबाईने त्यांच्यापुढे पाणी ठेवलं. आणि ती आत निघून गेली.

सहादू पोलिसांत गेला. तक्रार घेतली गेली, अज्ञात इसमांविरुद्ध. सुभेदारांनी जाऊन सांगितलं की सगळी पोरं कबूल झाली आहेत. पोरांना बोलावलं तर प्रत्येक जण म्हणाला, आम्ही त्या वेळी दुसऱ्या गावी लग्नाला होतो. तपास चालू राहिला.

त्याच दुपारी सुभेदारांनी मला ओसरीवर बसवून सांगितलं, "उद्या तुमची गाडी घेऊन या. अकॅडमीची जीप पोरांकडे आहे. मी अर्ज मागे घेतो. मग रिंगणात एकटी सुमनबाई उरते. तीच बिनविरोध." मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. तीन वाजेपर्यंत तहसीलला पोचायचं होतं. ते पोचले तर ती बाई सरपंच होणार होती, आणि बागेचं नुकसान भरून निघालं नाही तरी बाग कापल्याचा फायदा कापणाऱ्यांना झाला नसता. आधी ती मागे हटली तर मात्र सगळं संपलं. सहादूचा फोन लागेना, म्हणून सुभेदारांनी तिला निरोप पाठवला: थांबा, मी माघार घेतोय.

निरोप कुणाच्या हाती पाठवला, हे मी विचारायला हवं होतं. पण घरातून वस्तीवर जाणारं माणूस तिथे एकच होतं, शेजारचं पोरगं, आणि तेही पहाटे ग्राउंडवर पळायचं.

दुसऱ्या दिवशी अकराला आम्ही निघालो. सुभेदारांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. वेशीच्या कमानीखाली पोरं रस्ताभर उभी होती. मी हॉर्न वाजवला. रविराज खिडकीशी आला, सॅल्यूट केला.

"जय हिंद साहेब. काका, नमस्कार. उतरा ना जरा. चहा सांगितलाय."

"रस्ता सोड," सुभेदार म्हणाले.

"साहेब, तुम्ही कालपासून जेवला नाहीत. काकू सांगत होत्या."

"रविराज, ये ऑर्डर है. रस्ता छोड."

सगळी पोरं खाडकन सावधानमध्ये आली. छाती पुढे, नजर समोर. आणि एकही तसूभर हललं नाही. सुभेदार खाली उतरले, एकेकाच्या समोर जाऊन उभे राहिले, नाव घेऊन हुकूम दिला. पोरं त्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघत राहिली. एका पोराच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तोही हलला नाही.

रविराज हळू आवाजात म्हणाला, "साहेब, तुम्हीच शिकवलं आम्हाला. जखमी अधिकारी भावनेच्या भरात काही बोलला तर मोर्चा सोडायचा नसतो. तुम्हाला वाईट वाटतंय. आम्हाला कळतं. आमच्यासाठी नाय, गावासाठी थांबा." मग माझ्याकडे वळला. "काका, गाडीची चावी द्या. सावलीत लावतो. फोन पण द्या, चार्जिंगला लावू." मी युनियनमध्ये लाठीचार्ज बघितलेला माणूस आहे. पण त्या पोराचा तो आदबशीर हात पुढे आला आणि मी चावी दिली. मला भीती वाटली. सरळ सांगतो, फार भीती वाटली.

आम्हाला कमानीखाली खुर्च्या दिल्या. चहा आला, बिस्किटं आली. सुभेदार दोनदा उठून पायी निघाले. दोन्ही वेळा चार पोरांनी त्यांना घेरलं, हात न लावता, आणि चालत चालत परत आणून बसवलं. माझ्याकडे कुणी लक्षही देत नव्हतं.

एकच्या सुमाराला अकॅडमीची जीप गावातून आली. मधल्या सीटवर सुमनबाई आणि सहादू, दोन्ही बाजूंना पोरं. कमानीपाशी जीप मंदावली. सुमनबाईने आम्हाला पाहिलं. कडक इस्त्रीचा शर्ट घालून, भोवती आपली फौज घेऊन, चहाचा कप पुढ्यात ठेवून बसलेले सुभेदार तिने पाहिले. सुभेदार ओरडले, "वहिनी, अर्ज मागे घेऊ नका!" पण तेवढ्यात पोरांनी घोषणा सुरू केल्या, "सुभेदार साहेबांचा विजय असो." तिने तोंड फिरवलं. जीप नाशिकच्या रस्त्याला लागली.

तीन वाजून गेल्यावर फटाके वाजले. चावी आणि फोन आम्हाला परत मिळाले, माझा फोन तर पूर्ण चार्ज करून. गुलाल आला, डीजे आला, जीप सजली. पुढारी स्वतः हार घेऊन आले. सुभेदारांना उचलून जीपमध्ये उभं केलं. या वेळी पोरं चालत होती ती एका तालात.

याला आता बरेच महिने झाले. सुमनबाईने बागेच्या जागी मका लावलाय. पाण्याची लाईन ओढ्यापलीकडे गेली, हे सुभेदारांनी पहिल्याच महिन्यात करून घेतलं, आणि तिने त्या नळाला अजून हात लावलेला नाही. अकॅडमी रविराज चालवतो. सुभेदार ग्राउंडवर जात नाहीत. पंचायतीत सह्या करतात, घरी येतात. बँकेत रांग मोडणाऱ्यालाही आता काही बोलत नाहीत. त्यांच्या दारात पाळीपाळीने एक पोरगं खुर्ची टाकून बसलेलं असतं, साहेबांच्या सुरक्षेसाठी. मी गेलो की ते उठून नमस्कार करतं आणि किती वेळ बसणार ते विचारतं.

परवा मी गेलो होतो. जेवणं झाली. मी आवाज खाली आणून म्हटलं, "सुभेदार, पुरे झालं. राजीनामा लिहा, मी स्वतः नेऊन देतो."

त्यांनी ताट बाजूला सरकवलं.

"लिहिला होता," ते म्हणाले. "फाडला."

"का?"

"मी गेलो की पोटनिवडणूक लागणार. ती बाई पुन्हा उभी राहणार, पाहुणे. ऐकायची नाही ती." त्यांनी दाराकडे पाहिलं. बाहेरच्या पोराने खुर्ची थोडी आत सरकवली होती. "आता बाग राहिलेली नाही तिची. आता फक्त माणसंच उरलीत."